कडेपासून किती

चहा संपला की तो कप उचलून ठेवत नसे. एका बोटानं हळूहळू ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत न्यायचा. कप अर्धा बाहेर आला की आमच्या सौभाग्यवतींचा श्वास अडकायचा, कारण सहा कपांच्या त्या सेटमधले दोन आधीच माझ्या हातून फुटले होते. मग तो बोट उचलायचा, कपाकडे बघायचा आणि म्हणायचा, "कडेले गेला का मेला, वैनी."

हे वाक्य तो कशालाही लावायचा. हायवेवर डाव्या अंगानं दामटणाऱ्या ट्रकला, वर्गात भिंतीला टेकून बसणाऱ्या पोरांना, एकदा तर आमच्या प्राचार्यांना. ऐकणाऱ्याला वाटायचं, माणूस शहाणपणाचं काही सांगतोय. तसं काही नव्हतं. तो एका ठिपक्याबद्दल बोलत असायचा. ठिपका इतका लहान की त्याला पाहायला लागणारं यंत्र आमच्या जिल्ह्यात नव्हतं, आणि शेजारच्याही नसावं.

त्याचं नाव लिहीत नाही. समोर मी त्याला सर म्हणायचो, अहो-जाहो करायचो. आठवणीत मात्र तो 'तो'च आहे. माझ्याहून बारा वर्षांनी लहान होता, एवढी सूट मला असावी.

मी पांढरकवड्याच्या एका कॉलेजात हेडक्लार्क होतो. आमच्याकडे त्याला बडेबाबू म्हणतात. आजोबा तहसिलीत, वडील झेडपीत, मी कॉलेजात. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी काही शोधून काढलं असेल, तर ती हरवलेली फाइल. तेव्हा मी कोणत्या अधिकारानं हे सगळं सांगतोय असं तुम्ही विचाराल. उत्तर पुढे येईल, आणि ते फारसं भूषणावह नाही.

तो आला ती वर्षं अशी, की यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणासाठी छापून यायचं. कारण तुम्हाला ठाऊक आहे. मुंबई-दिल्लीच्या गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, कॉलेजच्या हॉलमध्ये कापसावर परिसंवाद व्हायचे आणि मी सतरंज्या झटकून घ्यायचो. त्या दिवसांत फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरून हा फिजिक्सचा मास्तर आला. तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवील तितके तास तो कॉलेजचा, उरलेल्या वेळात कोणाचाच नाही.

खोली आमच्याच गल्लीत घेतली. संध्याकाळी याडीचा, म्हणजे आईचा, फोन यायचा तेव्हा तो ओट्यावर उभा राहून गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, भराभरा बोलायचा, हसायचा, हातवारे करायचा. आम्हाला अक्षर कळत नसे, पण हा माणूस मुळात बोलका आहे, हे आम्हाला त्या फोनमुळेच समजलं. मराठीत त्याच्याकडे बोलायला विषय एकच होता, आणि त्यावर उलट दोन वाक्यं बोलू शकेल असं माणूस पंचक्रोशीत नव्हतं.

एका रविवारी आमच्या घरात मुलीच्या डोक्यावरून मायलेकींचं भांडण जुंपलं होतं. मुलीच्या टाळूवर भोवरा आहे. तेल लावा, पाणी लावा, डावीकडे विंचरा, उजवीकडे विंचरा, केस तिथं उभेच. त्यानं दारातून पाहिलं आणि चपला काढायचं विसरून आत आला. "हेच," तो म्हणाला. "हेच तर माहं काम आहे, वैनी."

मग त्यानं सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. चुंबकाचा एक पापुद्रा घ्या, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. त्यात अगणित सुया आहेत आणि सगळ्या आकाशाकडे टोक करून उभ्या आहेत. एके जागी मात्र त्या जराजरा कलत जातात, गोलाकार वळत जातात, आणि अगदी मधली सुई चक्क डोक्यावर उभी असते. हा झाला भोवरा. तो जागेवरून सरकवता येतो, पण कितीही विंचरला तरी मिटत नाही. त्याला शास्त्रात स्कर्मिऑन म्हणतात. अशा भोवऱ्यांची रांग एका अरुंद पट्टीवरून जराशा विजेनं पुढे ढकलता आली, तर 'इथं आहे, इथं नाही' एवढ्यावर वाट्टेल ती माहिती लिहिता येईल. उद्याचे कॉम्प्युटर नखभर जागेत आणि चिमूटभर विजेवर चालतील.

ज्या गावात दिवसाचे आठ तास लाइट नसायची तिथं चिमूटभर विजेचा विचार कोणाला सुचावा, यात मला नवल वाटलं नाही. त्याला तर अजिबातच नाही. "आमचे लोक बैलाच्या पाठीवर मीठ घालून मुलुखभर नेत," तो म्हणायचा. "मी ठिपक्याच्या पाठीवर माहिती घालून नेतो. धंदा तोच आहे, बडेबाबू. फक्त बैल लहान झाला."

अडचण एक होती. गरगर वळलेली वस्तू सरळ ढकलली तरी सरळ जात नाही, बाजूला सरकते. तसा हा भोवराही सरकत सरकत पट्टीच्या कडेला जातो, आणि कडेला लागला की त्याची गाठ सुटते. नाहीसा होतो. त्याला कडेपासून दूर ठेवत शेवटापर्यंत कसं न्यायचं, यावर जगात बरेच लोक डोकं खपवत होते. पांढरकवड्यात एकच.

स्टाफरूममध्ये त्याची चेष्टा व्हायची. सर, कापसावर काढा ना काही, बोंडअळी मरंल असा ठिपका काढा. तो कपाकडे बघून हसायचा. एकदा टीव्हीवाले आले. माइक घेतलेल्या मुलीला कोणीतरी सांगितलं की हे इथले वैज्ञानिक. तिनं विचारलं, "आप कपास के लिए क्या कर रहे हैं?" त्यानं खरंच थोडा वेळ विचार केला आणि सांगितलं, "कुछ नहीं." प्राचार्य दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी आमच्याकडे बसला असताना म्हणाला, "खरं तेच सांगतलं. पण मी काय करून राह्यलो, हे तिनं इचारलंच नाही."

तुम्ही म्हणाल, मग तो जाऊन का नाही बसला जिथं असले लोक असतात तिथं? तोच तर प्रयत्न होता. तो कुठकुठच्या शास्त्रज्ञांना मेल लिहायचा. बहुतेकांची उत्तरं येत नसत. एकदा आलं. दक्षिणेतल्या एका संस्थेतल्या बाईंनी चार ओळी लिहिल्या होत्या. तुमची कल्पना पटते, पण पूर्ण लांबीच्या पट्टीवर गणित चालवून दाखवा. भोवरा कडेला न लागता शेवटापर्यंत गेला, तर दिवाळीच्या सुट्टीआधी अमुक तारखेपर्यंत निकाल पाठवा. इथं दोन वर्षांची एक जागा आहे. आमच्या गटात या विषयावर पाच जण आहेत.

तो कागद त्यानं मला ऑफिसात येऊन वाचून दाखवला. जागेची ओळ एकदा वाचली. शेवटची तीनदा. "पाच जण, बडेबाबू," तो म्हणाला. "एकाच मजल्यावर."

त्याची कल्पना मला पुढे नीट कळली, ती इथंच सांगून टाकतो. एक भोवरा कडेला जातो ना? मग एकावर एक दोन पापुद्रे ठेवायचे आणि दोन भोवरे जोडायचे, वरचा जसा तसा खालचा बरोब्बर उलटा. एकाला या कडेची ओढ, दुसऱ्याला त्या कडेची. बांधलेले असल्यामुळे कोणालाच जाता येत नाही आणि दोघं मुकाट्यानं सरळ चालतात. हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या की मग सरांचं लगीन करून टाका. तो म्हणाला, "उलट्या डोक्याची भेटली पाह्यजे ना, वैनी. माह्यासारखीच भेटली तर दोघंही कडेले."

गणित चालवायला लॅबमधला एक जुना कॉम्प्युटर होता. हिशेब असा अवाढव्य की मशीन सलग एकोणीस दिवस चालवावी लागणार. लाइट जायची म्हणून मी माझ्या अधिकारात ऑफिसचा इन्व्हर्टर लॅबमध्ये हलवला आणि प्राचार्यांना सांगितलं की दुरुस्तीला टाकलाय. बॅटऱ्यांत पाणी मी स्वतः घालायचो. एवढं पुण्य माझ्या नावावर आहे, ते आधी सांगून ठेवतो.

दसऱ्यासाठी तो आदल्या दिवशी सकाळीच याडीला भेटायला तांड्यावर गेला. मशीन सोळाव्या दिवसात होती. कॉम्प्युटरवर त्यानं मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'चालू आहे. बंद करू नये.' लॅबची चावी माझ्याकडे दिली. तुमच्याशिवाय कोणाजवळ देत नाही म्हणाला.

आता खंडेनवमी. तुमच्याकडे ऑफिसात करतात की नाही, मला कल्पना नाही. आमच्याकडे माझ्या वडिलांच्या काळापासून बडेबाबूनं आदल्या वर्षीच्या धुळीसकट सगळी यंत्रं पुसायची, टाइपरायटर, झेरॉक्स, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल, पुढे नारळ, आणि त्या दिवशी कोणत्याही यंत्राला कामाला लावायचं नाही. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, तसंच. ऑफिसची पूजा आटोपून मी ताट घेऊन लॅबमध्ये गेलो. सोळा दिवस रात्रंदिवस राबणारी ती मशीन बघून मला गहिवरून आलं. सगळ्यांना सुट्टी आणि हिलाच नाही?

चिठ्ठी मी वाचली. पण आयुष्य नियमाखाली अपवाद लिहिण्यात गेलेलं. 'सणाच्या दिवशी लागू नाही' एवढं मी मनातल्या मनात खाली जोडलं. ओल्या फडक्यानं पुसायचं तर शॉक लागू नये म्हणून बटण बंद केलं. उद्या सुरू केली की राहिली तिथून पुढे चालेल, फाइल मिटली तरी पान तिथंच असतं, हा माझा हिशेब. मग साग्रसंगीत पूजा केली. सरांचं काम आहे म्हणून हिला दोन फुलं जास्त वाहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला तो तसाच पिशवी घेऊन लॅबमध्ये. मी मागोमाग गेलो, कौतुक ऐकायला. तो मशीनसमोर उभा होता. कळफलकावर कुंकू सांडलेलं.

"पूजा झाली वाटते," तो म्हणाला.

"झाली."

"बंद कोणं केली?"

लाइट गेली होती असं सांगता आलं असतं. पण त्या आठवड्याच्या भारनियमनाचं वेळापत्रक मीच नोटीस बोर्डावर लावलं होतं, आणि इन्व्हर्टरही मीच. "मी केली," मी म्हणालो.

"काहून?"

मी सगळं सांगितलं. सुट्टीचं, फडक्याचं, पोळ्याच्या बैलाचं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. "बैल जिथं सोडला तिथं उभा राहते, बडेबाबू," तो म्हणाला. "ही नाही राहत. ही पुन्हा वासरू होते." मधले आकडे साठवायला त्या जुन्या डिस्कमध्ये जागा नव्हती. सोळा दिवस गेले होते, आणि बाईंनी दिलेल्या तारखेला आता सोळाच उरले होते.

त्यानं पिशवीतून सीताफळं काढून माझ्या हातात दिली. याडीनं वैनीसाठी पाठवली आहेत, उद्यापर्यंत पिकतील, म्हणाला. मग माझ्याकडे पाठ करून बसला आणि आगपेटीतल्या काडीनं कळांच्या फटीतलं कुंकू काढू लागला. बऱ्याच वेळानं, न वळता, म्हणाला, "पण इतक्या वर्षांत हिच्यापुढे नारळ फोडणारे तुमीच पहिले."

मशीन पुन्हा सुरू झाली. त्यानं बाईंना चार दिवसांची मुदत मागितली. मी रोज पाच वाजता ऑफिस बंद करून लॅबमध्ये जाऊन बसू लागलो, तो जेवण करून येईपर्यंत राखण करायला. शिपाई हसायचे, बडेबाबू कॉम्प्युटर शिकून राह्यले म्हणून. पडद्यावर बघण्यासारखं काही नसायचं. अर्ध्या तासानं आकड्यांची एक ओळ उमटायची. त्यातला तिसरा आकडा म्हणजे भोवऱ्याचं कडेपासूनचं अंतर, एवढं त्यानं मला शिकवलं होतं. आल्याबरोबर तो दारातूनच विचारायचा, "कडेपासून किती?" घरात कोणी तापानं पडलं की आपण ताप किती म्हणून विचारतो, तसा. मी आकडा सांगायचो. रोज तोच असायचा. मग तो खुर्ची ओढून बसायचा आणि का तोच आहे, ते मला सांगायचा. वर्गात चार पोरं, तीही वेचणी सुरू झाल्यावर वावरात. ऐकणारा मी एकटा. पहिले आठ दिवस मी नुसती मान हलवली. नवव्या दिवशी मी एक प्रश्न विचारला, बहुधा मूर्खासारखा, पण तो इतका खुलला की मला लाज वाटली. इतके दिवस याला कोणी साधा प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

बाईंचं उत्तर दिवाळीच्या तोंडावर आलं. फार सभ्य होतं. निवडीची फाइल त्या तारखेला वर गेली, आता माझ्या हातात नाही, असं लिहिलं होतं. फाइल वर जाणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मुदतीनंतर आलेल्या अर्जांवर तसा शिक्का मी तीस वर्षं मारत आलो होतो, कधीकधी तर जरा जोरातच.

मला वाटलं आता तो मशीन बंद करील. त्यानं केली नाही. पाडव्याच्या दुपारी मला बोलवायला घरी आला. गल्लीत फटाके चालले होते, कॉलेज ओस. त्यानं सगळे आकडे जोडून चित्र केलं होतं. हिरवी पट्टी, त्यावर एकावर एक दोन ठिपके. ते डाव्या टोकाकडून निघाले आणि उजव्या टोकापर्यंत गेले. सरळ. बघायला अर्धं मिनिट लागलं.

"कडेपासून किती?" मी विचारलं.

"निंघताना होतं तेवढंच."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. असं काही बघितल्यावर माणसं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. ते पाच जण असते तर कोणी ओरडलं असतं, कोणी चूक काढली असती, कोणी पुन्हा दाखव म्हणालं असतं. मी त्याच्याशी हात मिळवला, अभिनंदन म्हणालो, जसं सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात म्हणतात, आणि चला फराळाला म्हणालो. पुन्हा दाखवा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. हे मला घरी चिवडा खाताना सुचलं.

पुढे तेच गणित परदेशातल्या कोणीतरी छापलं. यानं पाठवलेलं मात्र मासिकांनी दोनदा परत केलं होतं. तो छापील कागद घेऊन आला आणि ओळखीचं माणूस फोटोत दाखवावं तसा बोट ठेवून मला दाखवत राहिला.

जूनमध्ये विद्यार्थी नाहीत म्हणून फिजिक्स बंद झालं. पत्र मीच टाइप केलं. त्याला हैदराबादला प्रवेश परीक्षांच्या एका क्लासमध्ये काम मिळालं. मी त्याला हायवेवर बसपर्यंत सोडायला गेलो. एक बॅग होती, ती त्यानं मला उचलू दिली नाही. बस दिसल्यावर म्हणाला, "आता हे माहीत असणारे या जिल्ह्यात तुमीच एकटे, बडेबाबू." मी हसलो. तो हसला नाही.

तो दर रविवारी फोन करायचा. सकाळी सहापासून शिकवतो, एकच धडा दिवसातून पाचदा, एवढं सांगून झालं की म्हणायचा, "सांगा." मी सांगायचो. सुया, टाळूवरचा भोवरा, पट्टी, कड, दोन पापुद्रे. सुरुवातीला मी हमखास चुकायचो आणि तो मध्येच अडवायचा, "उलटा, बडेबाबू, खालचा उलटा." कधी चिडायचासुद्धा. त्याचं चिडणं ऐकून मला हलकं वाटायचं. सौभाग्यवती म्हणायच्या, रविवारची पोथी सुरू झाली.

मग दोन रविवारांनी एकदा, मग महिन्यानं. बोलणं कमी होत गेलं. मी सांगत राहायचो आणि पलीकडे नुसता हुंकार असायचा. शेवटचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता, मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. त्यानं "सांगा" म्हटलंच नाही. मीच सुरू केलं. आता माझ्या चुका होत नसत, मला सगळं पाठ झालं होतं. पण त्या दिवशी मी मुद्दाम चुकलो. दोन्ही भोवरे एकाच बाजूनं फिरतात, म्हणालो, आणि थांबलो.

पलीकडून बराच वेळ हॉर्न ऐकू येत राहिले.

"हं," तो म्हणाला. "बराबर आहे."